"या किमतीत भारी" म्हणतात ते हेडफोन खरंच भारी आहेत का, हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा होता: कमी बजेटमधले वायरवाले इन-इअर (कानाच्या भोकात घालायचे) घेतले, रिव्ह्यूमध्ये जो तो "या किमतीत तोड नाही" म्हणत होता, पहिल्या दिवशी ऐकून खूश झालात, पण आता अर्ध्या तासात कान कंटाळतात, गाणाऱ्याचा आवाज मागे ढकलल्यासारखा वाटतो, आणि त्यात मित्राचे महागडे हेडफोन पाच मिनिटं लावून बघितले तेव्हापासून आपलं म्हणजे निव्वळ डबा वाटायला लागलंय. तर हे मुळात चांगले आहेत का, आणि नसतील तर जास्त पैसे घालणं हाच उपाय आहे का.

मी रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या कामात आहे, जास्त करून माणसांच्या बोलण्याचं एडिटिंग करते. स्वस्त हेडफोन माझ्या टेबलावर कायम पडलेले असतात, कारण ऐकणारे बहुतेक लोक तेच वापरतात आणि केलेलं काम त्यावर कसं वाजतंय हे बघावंच लागतं. शिकायला येणारी मुलंही सगळ्यात आधी हेच विचारतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गाठ सोडवू. "या किमतीत भारी" या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे आवाज चांगला आहे का, आणि दुसरी म्हणजे त्याच किमतीतल्या बाकीच्यांपेक्षा बरा आहे का. बाकीचे सगळे वाईट असतील तर कमी वाईट असलेलाही "भारी" ठरतो. रिव्ह्यूवाला बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि आपण ते पहिल्याचं समजून पैसे भरतो. मी तुम्हाला सांगेन की किंमत थोडा वेळ विसरा, आवाज मुळात बरोबर आहे का ते आधी बघा, आणि मग पैसे वाचवताना कंपनीने कात्री कुठे लावली आणि ती तुमच्या ऐकण्यात आडवी येते का ते बघा. कात्री लागलेली असणारच, फक्त ती कुठे लागलीय हा खरा मुद्दा आहे.

अर्थात बरंचसं तुमच्यावर अवलंबून आहे. तुम्ही काय ऐकता, शांत खोलीत ऐकता की गर्दीत, किती मोठ्याने ऐकता, कानाचं भोक केवढं आहे, वय काय. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होत जातं, त्यामुळे विशीतल्या पोराला जे टोचतं ते पन्नाशीतल्या माणसाला "वा, काय स्वच्छ" वाटू शकतं, आणि दोघंही खरं बोलत असतात.

आता पैशाचं. लोकांची पक्की समजूत असते की जास्त पैसे म्हणजे जास्त चांगला आवाज. २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या ध्वनी-संशोधकाने २८३ हेडफोन्सची मोजमापं घेऊन तपासलं की कुठली फ्रिक्वेन्सी (म्हणजे खालचे-वरचे सूर) किती जोरात वाजते याचा आणि किमतीचा काही संबंध लागतो का, आणि तसा संबंध सापडला नाही. हे आमच्या धंद्यातल्या लोकांना फार नवल वाटण्यासारखं नव्हतं. हेडफोनमध्ये आवाज काढणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, हा शेवटी एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेली तारेची कॉईल आणि मागे चुंबक. मागच्या बाजूचं छिद्र केवढं ठेवायचं, त्यावर कुठली जाळी लावायची, नळीत कुठला फिल्टर घालायचा, यावर आवाजाचा तोल ठरतो आणि या गोष्टींना सामान फार लागत नाही, डोकं लागतं. कॉस पोर्टा प्रो १९८४ पासून विकला जातोय, दिसायला अगदी खेळण्यासारखा, धातूच्या पट्टीत केस अडकतात, पण आवाज असा की आजही लोक स्वस्तातलं चांगलं उदाहरण म्हणून त्याचंच नाव घेतात. म्हणजे कमी पैशात चांगला आवाज अशक्य अजिबात नाही.

मग महागात काय मिळतं? बांधणी, आराम, बदलता येणारे पॅड आणि केबल, नॉइज कॅन्सलेशन, डावं-उजवं नीट जुळवलेलं असणं, आणि दुकानातला दहावा पीस पहिल्यासारखाच वाजेल याची जास्त खात्री. ही शेवटची गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. स्वस्त मालात एकाच मॉडेलच्या दोन पेअर वेगवेगळ्या वाजू शकतात, त्यामुळे रिव्ह्यूवाल्याकडे आलेला पीस आणि तुमच्या हातातला पीस एकच आहे असं धरून चालू नका.

खोक्यावर छापलेलं लवकर उरकते. "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" याला काही अर्थ नाही, कारण त्यात आवाज किती डेसिबल (आवाजाच्या मोठेपणाचं माप) वर-खाली होतोय ते लिहिलेलं नसतं. २० हर्ट्झला आवाज निघतो खरा, पण मधल्या आवाजापेक्षा ३० डेसिबल खाली असेल तर तो असून नसल्यासारखाच. मोठा ड्रायव्हर म्हणजे जास्त बेस हेही तसं नाही. हाय-रेझचा स्टिकर ४० किलोहर्ट्झपर्यंत जाण्याबद्दल असतो, जिथे माणसाचा कान पोचतच नाही. एकच आकडा कामाचा, सेन्सिटिव्हिटी, पण तोही बघताना सांभाळून, कारण कुणी तो मिलिवॉटला देतं आणि कुणी व्होल्टला. ३२ ओहमच्या हेडफोनला मिलिवॉटला १०० डेसिबल आणि व्होल्टला ११५ डेसिबल ही एकच गोष्ट आहे, पण खोक्यावर दुसरा आकडा मोठा दिसतो म्हणून तो जास्त दणदणीत वाटतो. आणि हा आकडा सांगतो की फोनवर आवाज किती मोठा होईल, किती चांगला होईल हे नाही सांगत.

आता खऱ्या कामाकडे. इन-इअर असेल तर सगळ्यात आधी ते कानात बसलंय का ते बघा, हे मी तीन वेळा लिहिलं तरी कमीच आहे. कानात हवेची फट राहिली की बेस तिथून निघून जातो आणि उरतो तो पातळ, कर्कश आवाज, मग माणूस म्हणतो की हेडफोन टुकार आहे. बेसवालं गाणं लावा, दोन्ही पीस बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर तुमची टिप (कानात जाणारी रबरी टोपी) लहान आहे किंवा आकार जुळत नाही. खोक्यात आलेल्या दुसऱ्या टिप्स लोक बघतही नाहीत, तशाच प्लास्टिकच्या पिशवीत पडून असतात. डाव्या कानाला एक साइज आणि उजव्याला दुसरी लागणं अगदी कॉमन आहे. फोमच्या टिप्स बऱ्याचदा चांगल्या बसतात आणि वरचा टोचरा आवाज थोडा मऊही करतात. कानावरून घ्यायचे मोठे हेडफोन असतील तर चष्म्याची काडी हीच फट करते, चष्मा काढून एकदा ऐका म्हणजे कळेल.

बसणं नीट झालं की दुसरा सापळा आवाजाच्या पातळीचा. दोन हेडफोनमधला जो जरासा मोठा वाजतो तो चांगला वाटतो, हे माझ्यासकट सगळ्यांना होतं, आणि एखाद-दोन डेसिबलचा फरक आपल्याला "मोठा" म्हणून जाणवत नाही, "स्वच्छ" किंवा "भरदार" म्हणून जाणवतो. शिवाय कानाचा स्वतःचाच तोल आवाजाच्या पातळीप्रमाणे बदलतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं होतं, की हळू ऐकताना खालचा बेस आपल्याला जास्तच कमी ऐकू येतो. म्हणजे मोठ्याने ऐकलेला हेडफोन आपोआप जास्त बेसवाला वाटणार. त्यामुळे तुलना करायची तर आधी पातळी जुळवा. उपकरण लागत नाही: एखाद्या माणसाच्या साध्या बोलण्याची क्लिप लावा, एका हेडफोनवर आरामात ऐकू येईल इतकं ठेवा, दुसरा लावून तेवढंच वाटेल असं करा, दोन-तीनदा अदलाबदल करून खात्री करा, आणि दोन्हीसाठी फोनवरची व्हॉल्यूम कुठल्या खुणेवर आली ते लिहून ठेवा. तुमच्या मित्राचे हेडफोन ऐकताना हे झालं होतं का? बहुतेक नसेल.

आता काय ऐकायचं. लोक डेमोचे ट्रॅक लावतात, काच फुटली, ढग गडगडले, मधमाशी डोक्याभोवती फिरली. त्यात काहीच कळत नाही, कारण ती काच मूळची कशी वाजते ते कुणाला माहितीय? मी सुरुवात बोलण्यापासून करते. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतोय, त्यात जरा काही बिघडलं तरी कानाला लगेच कळतं. ज्याचा आवाज तुम्ही समोरासमोर ऐकलाय अशा कुणाचं तरी रेकॉर्डिंग असेल तर उत्तमच. ऐकताना स्वतःला दोन-तीन गोष्टी विचारा. माणूस पिंपात तोंड घालून बोलतोय असं वाटतंय का? तर साधारण ३०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास फुगवटा आहे. पुरुषाचा आवाज उगाच जाड, छातीतून घुमल्यासारखा येतोय का? तर त्याच्याही खाली, १५० ते २५० च्या पट्ट्यात गडबड आहे. शब्द कळायला व्हॉल्यूम वाढवावा लागतोय, त-थ, ट-ठ यातला फरक पुसट वाटतोय? तर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये खड्डा आहे. आणि प्रत्येक "स", "श", "च" सुई टोचल्यासारखा येत असेल तर ५ ते ९ च्या पट्ट्यात कुठेतरी टोक आहे. आकडे पाठ करायची गरज नाही, पण "मजा नाही येत" यापेक्षा "स टोचतोय" असं सांगता आलं की अर्धं काम होतं.

यातला २ ते ४ चा भाग जरा समजून घ्या, कारण स्वस्त हेडफोन इथेच जास्त फसतात. आपल्या कानाची नळी आणि बाहेरची पाळी मिळून ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज पडद्यापर्यंत पोचेतो १०-१५ डेसिबलने वाढवतात, ही निसर्गाचीच सोय आहे. हेडफोन थेट कानाला लागल्यामुळे या सोयीत ढवळाढवळ होते, मग ती वाढ बनवणाऱ्याला ट्यूनिंगमध्ये भरून द्यावी लागते. ती दिली नाही तर गाणारा दोन पावलं मागे जातो. तुम्ही लिहिलंय की गायकाचा आवाज मागे ढकलल्यासारखा वाटतो, माझा पहिला संशय इथेच आहे. (दुसरा संशय बेसवर, त्याबद्दल पुढे.)

बोलण्यानंतर तबला. मला स्वतःला बेस तपासायला यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही. डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा वर-खाली सरकवतात ना, ती सरक तुम्हाला सुरासारखी ऐकू आली पाहिजे, आवाज कुठून निघाला आणि कुठे गेला हे कळलं पाहिजे. नुसतं "भुम्म" ऐकू येत असेल आणि प्रत्येक वेळी तेच "भुम्म" येत असेल तर बेस भरपूर आहे पण गढूळ आहे. त्याच वेळी दायाँची (उजव्या हाताच्या तबल्याची) चाट खणखणीत आणि वेगळी ऐकू येतेय का ते बघा. मग तानपुरा. जवारीचा जो झगमगता, सतत बदलत राहणारा नाद असतो तो सगळा वरच्या हार्मोनिक्सचा (मूळ सुराबरोबर वाजणाऱ्या वरच्या सुरांचा) खेळ आहे, वरची बाजू खडबडीत असेल तर तो झगमगाट जाऊन नुसती पत्र्यासारखी किणकिण उरते. ज्यांना हे संगीत जवळचं नाही त्यांनी बेस गिटारची ओळ घ्या, सगळ्यात खालची उघडी तार ४१ हर्ट्झची असते, तिथून वर येताना प्रत्येक सूर वेगळा मोजता येतोय का ते बघा. कुठलाही एकच सूर बाकीच्यांपेक्षा भसकन मोठा आला तर तिथे फुगवटा आहे.

शेवटी एक गच्च भरलेलं गाणं, ज्यात ड्रम, गिटार, कोरस, सगळं एकदम चालू आहे. त्यात मूळ गाणारा हरवतो की टिकतो? जोरदार खालचे आवाज त्यांच्या वरच्या आवाजांना झाकतात, कानाचं कामच तसं चालतं. म्हणून बेस जरा जास्त झाला की पहिला बळी गायकाचा जातो, गायकाच्या पट्टीत हेडफोनने काही कमी केलेलं नसलं तरीही. हा तो दुसरा संशय.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर आधी टिप, मग पातळी, मग बोलणं, तबला, गच्च गाणं, याच क्रमाने. क्रम उलटा केला तर फिटिंगचा दोष ट्यूनिंगच्या डोक्यावर जातो.

आता पहिल्या दिवशी भारी आणि नंतर कंटाळा, हे का होतं. स्वस्त हेडफोन बऱ्याचदा मुद्दाम असे ट्यून करतात की बेसही चढवलेला आणि ट्रेबलही चढवलेला, मधला भाग बसका. शोरूममधल्या टीव्हीचे रंग भडक ठेवतात तसंच हे. पहिल्या दोन मिनिटांत तपशील जास्त ऐकू आल्यासारखा वाटतो, झांज चमकते, ड्रम आदळतो, रिव्ह्यूवाल्याचंही तेच होतं कारण त्याला पुढच्या आठवड्यात दुसरा हेडफोन करायचा असतो. पण ते ८ किलोहर्ट्झजवळचं टोक रोज कानावर आपटत राहिलं की थकवा येतो. म्हणून मी कुठलाही हेडफोन पहिल्या दिवसाच्या मतावर ठेवत नाही किंवा परतही करत नाही. काही दिवस फक्त तोच वापरायचा आणि मग आपल्या जुन्या, सवयीच्या हेडफोनवर परत जायचं. परत गेल्यावर जुन्यावर आवाज कोंदट वाटला तर नवीन चांगला असण्याची शक्यता आहे. जुन्यावर एकदम हायसं वाटलं, तर काय ते तुम्हाला कळलंच.

आणि हो, "शंभर तास वाजवून ठेव, मग खुलतो" हा सल्ला मिळाला असेल तर त्याच्या भरवशावर परत करायची मुदत घालवू नका. जे खुलतं ते बहुतांशी आपल्या कानाची सवय असते. पॅड दबून बसणं बदलतं तेवढा फरक पडू शकतो, पण टोचणारा हेडफोन वाजवून वाजवून गोड होत नाही.

स्वस्तात आणखी दोन-तीन गोष्टी तपासायला लागतात, ज्या महागात सहसा बघाव्या लागत नाहीत. एक, डावं-उजवं. मोनो रेकॉर्डिंग (दोन्ही कानांत अगदी एकच आवाज असलेलं) लावा, आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध यायला हवा. एका बाजूला कलत असेल तर पीस अदलाबदल करून उलट्या कानात घाला. कल त्याच कानाकडे राहिला तर कारण तुमचा कान किंवा टिपचं बसणं. कल पिसाबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर हेडफोन, फक्त एकदा दुसऱ्या फोनवर लावून खात्री करा. दोन, तारा उलट जोडलेल्या नाहीत ना. कारखान्यात एका बाजूचे प्लस-मायनस उलटे लागले तर मोनो आवाज मधे न येता डोकंभर पसरतो, कुठून येतोय ते बोट दाखवून सांगता येत नाही, आणि बेस पातळ वाटतो. हे ज्यांना माहीत नसतं ते कधीकधी "काय साउंडस्टेज आहे!" (आवाज किती मोकळा पसरलाय!) म्हणून खूशही होतात. तीन, स्वीप. खालून वर सरकत जाणारा एकच सूर, २० हर्ट्झपासून वरपर्यंत, फुकट मिळतो. व्हॉल्यूम नेहमीपेक्षा बराच कमी ठेवून लावा, कारण मधे तो अचानक जोरात लागतो. खालच्या भागात खरखर, फरफर आली तर ड्रायव्हरच्या पडद्याजवळ काहीतरी सैल आहे किंवा केस-कचरा अडकलाय. वरच्या भागात कुठे एकदम उडी मारतो ते ऐका. थोडी उडी तुमच्या स्वतःच्या कानाचीही असते, सगळी हेडफोनच्या नावावर टाकू नका.

रिव्ह्यूच्या साइटवर हेडफोन मोजून काढलेले फ्रिक्वेन्सीचे ग्राफ बघत असाल तर जपून. इन-इअर मोजायला जे कृत्रिम कान वापरतात त्यातल्या प्रचलित प्रकारात ८ किलोहर्ट्झच्या आसपास त्याची स्वतःचीच एक घुमक येते, आणि इअरफोन किती आत घातला त्यावर ती सरकते. म्हणून त्याच्या वरच्या भागावर मी फार विसंबत नाही, आणि एका साइटचा ग्राफ दुसऱ्या साइटच्या ग्राफशी लावून बघत नाही. पण ३०० हर्ट्झच्या खाली केवढा डोंगर आहे आणि ३ किलोहर्ट्झला वाढ दिलीय की नाही, एवढं ग्राफवरून बऱ्यापैकी कळतं. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मन या ऑडिओ कंपनीत २०१३ च्या सुमारास लोकांना ऐकवून ऐकवून जी पसंतीची रेघ काढली, तिच्याशी लोक हल्ली सगळं ताडून बघतात. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतात तसं बहुतेकांना हेडफोनमधे आवडतं, असा त्याचा साधारण अर्थ. ती रेघ म्हणजे बहुतेकांची आवड, तुमचीही तीच असेल असं नाही.

आता पैशाच्या हिशेबातली माझी सगळ्यात आवडती टेस्ट, इक्वलायझर, म्हणजे एकेका पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करायची सोय. फोनमध्ये बऱ्याचदा एखादा असतो, नसला तर टाकून घ्या. १५० ते २५० च्या आसपास २-३ डेसिबल कमी करा, आणि स्वीपमध्ये जिथे उडी सापडली होती तिथे अरुंद पट्टा घेऊन ३-४ डेसिबल कमी करा. आधी कमीच करायचं, वाढवायचं नंतर, आणि वाढवलंत तर प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण पातळी) तेवढाच खाली आणा, नाहीतर आवाज फाटेल आणि तुम्ही हेडफोनला शिव्या घालाल. परत पातळी जुळवून ऐका. एवढ्याने गायक पुढे आला, "स" निवला, तर तुमचे हेडफोन मुळात चांगले आहेत, फक्त ट्यूनिंग करणाऱ्याची आवड तुमच्यापेक्षा वेगळी होती, आणि फुकटात प्रश्न मिटला. पण बेस थोडा चढवल्यावर ड्रायव्हर भरभरायला लागला, किंवा कितीही केलं तरी गाणं ठोकळ्यासारखं एकावर एक चिकटलेलं राहिलं, तर ते इक्वलायझरचं काम नाही, तिथे कात्री ड्रायव्हरलाच लागलीय.

वायरलेसचं वेगळं. तुमचे वायरवाले आहेत म्हणून फार लांबवत नाही, पण पुढे घेणार असाल तर लक्षात ठेवा की तेवढ्याच पैशात बॅटरी, चिप, माइक, चार्जिंगची डबी एवढं सगळं बसवायचं असतं, त्यामुळे आवाजाच्या वाट्याला उरतं ते कमीच. कोडेकच्या (ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवायच्या पद्धतीच्या) नावांवरून फार डोकं फिरवून घेऊ नका, सगळ्यात साधा एसबीसी सुद्धा सेकंदाला ३२८ किलोबिटच्या आसपास चालत असेल तर रस्त्यावर ऐकताना फरक कळणं कठीण. जो फरक सगळ्यांना कळतो तो कॉलचा: माइक चालू झाला की जुन्या ब्लूटूथ पद्धतीत आवाज ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर (आवाजाची सेकंदाला फक्त ८ किंवा १६ हजार वेळा नोंद) उतरतो आणि सगळं टेलिफोनसारखं होतं. ऑनलाइन मीटिंगमध्ये हेडफोन अचानक खराब झाले असं वाटतं ते यामुळे. आणि बॅटरी म्हातारी होणारच, वायरवाल्याला तो प्रश्न नाही.

चांगला आवाज आणि आवडणारा आवाज यातही फरक असू शकतो, तेही सांगते. सोनीचे एमडीआर-७५०६ १९९१ पासून स्टुडिओत आहेत, मी एडिटिंगला वापरते, तोंडाची चटचट, खुर्चीची करकर, कपड्याची सळसळ सगळं समोर आणून ठेवतात, आणि ब्राईट (वरचा आवाज चढा) असल्यामुळेच ते जमतं. पण काम संपल्यावर गाणी ऐकायला मी ते लावत नाही. तेव्हा "प्रोफेशनल वापरतात" हे वाचून तुम्ही ते घेतलेत आणि कान थकले, तर दोष तुमच्या कानाचा नाही आणि हेडफोनचाही नाही.

कानाच्या थकव्याबद्दल एक शंका अजून आहे. तुम्ही मोठ्याने ऐकत असाल. मधला भाग बसका असला की शब्द कळावेत म्हणून माणूस नकळत व्हॉल्यूम वाढवतो, त्याबरोबर बेस आणि टोचरं ट्रेबलही वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मोठ्या माणसाची मर्यादा, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो, म्हणजे ८९ ला आठवड्याचे पाचच तास उरले. मधला भाग बसका असलेला हेडफोन हा असा महागात पडतो. ऐकून झाल्यावर कानात कुईं वाजत असेल तर त्या दिवशी टेस्ट वगैरे सगळं बंद.

तुमच्याबाबतीत मी काय करेन ते सांगते. परत करायची मुदत शिल्लक असेल तर आजच मोनो आणि स्वीपची तपासणी, कारण खरखर किंवा पिसाबरोबर कान बदलणारा कल निघाला तर चर्चाच नको, पीस बदलून घ्यायचा. तिथे पास झाला तर टिप्स बदलून बघा, एक मोठी साइज आणि जमलं तर फोम. मग इक्वलायझर. या तिन्हीनंतर गायक जागेवर आला तर पैसे वसूल आहेत, कुणी काही म्हणो. नाही आला तर परत करा, पण लगेच तिप्पट किमतीचा घ्यायला धावू नका, त्याच किमतीतला वेगळ्या ट्यूनिंगचा बघा, ज्याच्या रिव्ह्यूमध्ये लोक "बेस कमी आहे, सपाट वाटतो" अशी तक्रार करतायत असा. ज्याला बेस कमी म्हणतात तो तुमच्यासारख्याला बरेचदा बरोबर बसतो.

आणि मित्राचे हेडफोन एकदा संध्याकाळभर मागून आणा. ते कानावरून घ्यायचे मोठे असतील तर आवाज मोकळा वाटण्यात बराच वाटा त्या आकाराचा आहे, किमतीचा नाही, तेवढं मनात धरून ऐका. तुमचा फोन, तुमची गाणी, जुळवलेली पातळी, आणि तुमच्या बाजूला इक्वलायझर लावलेले इन-इअर. ऐकण्याआधी तुमच्या पेअरबद्दलच्या तक्रारी कागदावर लिहा, आणि त्यातल्या कुठल्या मित्राच्या हेडफोनवर खरंच जातात तेवढ्यावरच खूण करा. कागदावर नसलेलं काही छान वाटलं, गादी मऊ आहे, दिसतात भारी, तर ते वेगळ्या रंगाने लिहा. त्याचेही पैसे द्यायला हरकत नाही, फक्त ते आवाजाच्या खात्यात धरू नका.